पहिल्या डब्याची ओटी

माह्या बापाले मलकापुरात अजूनही कोणी कोणी येडा म्हणते. म्हणू द्या, लोकाईच्या जिभेले हाड थोडीच असते. इतके वर्ष मी ऐकून घेतलं, कारण माहं माहेरबी मलकापूर अन् सासरबी मलकापूर. तोंड उघडलं की दोन्ही घरी भांडण. आता माहे केस पांढरे झाले. आता मी कोणालेच भेत नाही. ज्याले ऐकाचं त्यानं ऐकावं, ज्याले झोंबन त्याले झोंबू द्या.

उकंडराव मुकादम म्हणजे माहा बाप. शेत होतं, पण एवढंसं, की बैल वळवाले शेजाऱ्याच्या धुऱ्यावर जा लागे. म्हणून माह्या आज्यानं हमाली धरली अन् त्याच्या मागं बापानं. मलकापूरच्या स्टेशनातून रुळाची एक फांदी निघे अन् किसनराव मालकाच्या जिनिंगच्या धक्क्याले येऊन लागे. तिले सायडिंग म्हणत. जिनिंगात कापसातून सरकी निघे, प्रेसमधी रुई दाबून गाठी होत, अन् धक्क्यावरून त्या गाठी सरळ मालगाडीच्या डब्यात जात. डबे भरले की इंजिन येऊन ओढून ने, अन् वऱ्हाडचा कापूस मुंबईले. धक्क्यावरची सगळी टोळी माह्या बापाच्या हाताखाली होती. सायडिंग हाय तोवर टोळीतल्या घराघराच्या चुली पेटणार, हे लहान लेकरालेबी माहीत होतं.

बाप उंच नव्हता, पण रुंद. पागोटं बांधलं की मान कुठी सरली अन् डोकं कुठून सुरू झालं ते समजे नाही. आवाज असा की धक्क्यावर ओरडला तं आम्हाले घरी ऐकू ये. नव्या गड्यानं गाठ नुसत्या ताकदीनं उचलाले पाह्यली की हा डाफरलाच, "उचलू नको बे, रेड्या! चालव तिले, चालव! कमरेची वाट लावशीन!" दोघांनी दोन आकडे अडकवाचे, गाठ एका कोपऱ्यावर तोलाची, मंग दुसऱ्या कोपऱ्यावर, अशी ती धूड गाठ पाय टाकत टाकत डब्यात जाये. अन् रिकामा डबा आला की बाप पहिले आत शिरे, कुठी खिळा-बिळा निघेल हाय काय ते हात फिरवून पाहे, अन् खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डब्याची जमीन पुसून घे. लोकं हसत. किसनराव मात्र चारचौघात म्हणे, "उकंडराव हाय म्हणून माहं जिनिंग हाय." झालं, मंग बापाची छाती सदऱ्यात मावे नाही.

आता ओटीचं सांगते, कारण सगळा घोळ तिथून झाला.

सायडिंग नवी नवी पडली तवा माही आजी मंजुळाबाई धक्क्यावर गेली, अन् पहिला डबा भराच्या आधी तिनं डब्याची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू, अन् सीतादहीचा कापूस. वेचणी लागली की आमच्याकडं बाया वावरात दहीभाताचा निवद दाखवतात अन् मंगच पहिलं बोंड वेचतात, ते सीतादही. तो पहिला कापूस आजीनं डब्यात ठेवला. म्हणे, "आपल्या वावराची लेक हाय, सासरी चालली. रिकाम्या ओटीनं कशी धाडू बाप्पा?" लोकाईले ते आवडलं. तवापासून दरसाल तसंच. आजा गेल्यावर हा मान माह्या मायकडं, रुखमाबाईकडं आला. मुकादमाच्या घरच्या सवाशिणीनं ओटी भरल्याबिगर हंगामाचा पहिला डबा भराचा नाही, मंग बाकीचे कसेबी भरा. कागदावर लिहेल नव्हतं कुठी. पण आमच्या धक्क्यावर ते कोणी मोडे नाही.

मंग आली मोटार.

पहिले पहिले लोकाईले ती जत्राच वाटली. मालाची मोटार, मागून उघडी, बुलढाण्याच्या घाटातून धूळ उडवत ये अन् बाजारात मधोमध उभी राहे. बाप म्हणे, "हे काय वाहन हाय? दोन गाठी जास्ती ठेवल्या तं फतकल मारून बसन." पण ती काही बसली नाही. रेल्वेचा डबा पाहिजे तं आधी अर्ज द्या, मंग वाट पाहा, मंग डबा येईन, अन् तो भरला की इंजिनाची वाट पाहा. मोटारवाल्याले नुसता हात केला की झालं. जळगावाकडल्या गिरण्याईचा माल सकाळी भरला तं संध्याकाळी गिरणीच्या दारात. इंद्रभान नावाचा एक मोटारवाला होता, मोठा गोडबोल्या. व्यापाऱ्याईच्या बैठकीत पानं खाऊन खाऊन त्यानं एकेक जण फोडला. बाकीच्या जिनिंगवाल्याईचे डबे कमी झाले, अन् पाह्यता पाह्यता आमच्या सायडिंगवरबी गवत दिसू लागलं.

स्टेशनावर चिंतामण नावाचे मालबाबू होते, देशावरचे, शुद्ध बोलणारे, भले माणूस. त्याईनं बापाले बोलावून सांगतलं, "मुकादम, तुमच्या सायडिंगवर गेल्या साली डबे फारच कमी भरले. वरचे साहेब विचारतात, हे रूळ ठेवायचे कशाला? यंदा हंगामाच्या सुरुवातीलाच डबे भरून निघाले पाहिजेत. नाही निघाले तर उन्हाळ्यात रूळ उखडतील. माझ्या हातात काही नाही."

बाप तसाच उठला अन् मालकाच्या बैठकीवर गेला. किसनराव तक्क्याले टेकून बसेल होता. बापाले आडपडदा जमतच नव्हता. म्हणे, "मालक, यंदा माल कशानं जाईन ते आताच सांगा. टोळीच्या पोटाचा सवाल हाय." किसनराव हसला. "अरे उकंडराव, तुह्या बापापासून आपलं नातं हाय. मोटारीवर भरोसा ठेवाले मी काय येडा हाय? पहिली गाठ तुह्याच डब्यात जाईन. हा माहा शब्द."

बाप घरी आला तो उड्या मारतच आला. मायले म्हणे, "यंदा खण चांगला आण वं. मालकानं शब्द देल्ला."

घरात तवा माहा काका पुंजाजीबी होता. बापाहून बराच लहान. बापानंच त्याले लहानाचा मोठा केला, त्याचं लग्न लावून देल्लं, टोळीत लावला. दिसाले देखणा, अंगात जाकीट, केसाईले तेल लावून भांग पाडेल, अन् कामात हुशार. आजीचा तं जीव की प्राण. पण बाप त्याले धक्क्यावर असा झापे, की जसा काही कालच आलेला गडी. "पुंज्या, आकडा धरता येत नाही काय बे? हातात बांगड्या भरल्या काय?" सगळी टोळी हसे, काकाबी हसे. त्याचं हसणं तोंडाच्या खाली उतरे नाही, ते मले दिसे. पण म्हणून काय माणसानं असं करावं? नाही. कधीच नाही.

दिवाळी झाली. कापूस भरेल बैलबंड्याईची रांग लागली, जिनिंग सुरू झालं, गाठी पडू लागल्या. सायडिंगवर रिकामे डबे येऊन उभे राह्यले. बापानं ते पुसून घेतले, मायनं ओटीचं ताट काढलं, अन् त्याच दिवशी आजी गेली.

अंथरुणाले खिळूनच होती ती. उन्हाळ्यापासून बापानं तिचं सगळं केलं. आंघोळ घालणं, उचलून बाहेर नेणं, पेज भरवणं, सगळं. मायले म्हणे, "तू सरक, मले करू दे, माही माय हाय." धक्क्यावर एवढा गरजणारा माणूस, पण तिच्याशी बोलताना आवाज असा बारीक करे की आम्हालेच हसू ये. गेली तवा तिचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं. लेकरावाणी रडला.

घराले सुतक लागलं. आता ओटी कोण भरन? माय सुतकात, काकू कौशल्याबाई सुतकात. टोळीतले गडी दारात येऊन उभे राह्यले, "मुकादम, डबे उभे हायत. काय कराचं?" बाप म्हणे, "तेरवी होईस्तोवर डब्याले हात लावाचा नाही."

मी तिथंच होती. मी म्हणलं, "बा, मी दुसऱ्या घरची झाली, मले काही एवढं सुतक नाही. मी भरते ना ओटी. काम कायले अडवता?" तं त्यानं असे डोळे वटारले! "तू या घरची लेक हाय, या घरची सवाशीण नाही. मायनं लावेल रीत, वच्छे. तिच्याच सुतकात तिची रीत मोडू काय वं?" मले लय राग आला. पण त्याच्या डोळ्यात पाणी होतं, मंग काय बोलणार?

हे लोकं येडेपणाचं सांगतात ना, ते हेच. उकंडरावनं ओटीपायी सायडिंग घालवली म्हणतात. पण पुढचं कोणी सांगत नाही, ते मी सांगते.

दोन-तीन रोजानं किसनराव समाचाराले आला. ओसरीवर बसला, आजीची तारीफ केली. बापानं हात जोडले. म्हणे, "मालक, तेरवीपर्यंत थांबता येईन काय? नसन जमत तं मोकळं सांगा. दुसरा कोणी मुकादम मीच पाहून देतो, त्याच्या घरची बाई ओटी भरन. पण सायडिंग राह्यली पाहिजे." हेबी म्हणलं त्यानं! माह्या या कानाईनं ऐकलं. स्वतःचा मान सोडाले तयार झाला होता माहा बाप. तं किसनरावनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणे, "खुळा हाय काय तू? माय काय दोनदा मरते? तिचं सगळं यथासांग कर. तेरवी होईस्तोवर डब्याले कोणी हात लावणार नाही. हा माहा शब्द." काका बाजूलेच बसेल होता. खाली मान घालून सुपारी कातरत.

मंग चिंतामण बाबू आले. बिचारे दारातूनच बोलले, "मुकादम, डबे रिकामे उभे आहेत. आता ते दुसरीकडे मागतात. मी आणखी थांबवू शकत नाही." बाप म्हणे, "नेऊ द्या बाबू. तेरवी झाली की पुन्हा मागवू. मालक माल धरून बसले हायत, त्याईनं शब्द देल्ला." बाबू काही तरी बोलणार होते, पण सुतकाच्या घरात माणूस जास्ती बोलत नाही. गेले. इंजिन आलं अन् रिकामे डबे घेऊन गेलं. आवाज घरात ऐकू आला. बापानं डोळे मिटून घेतले, बस्स.

तेरवी जोरात झाली. पंगतीवर पंगत. पहिल्या पंगतीले किसनराव पाटावर, समोर रांगोळी. सगळी टोळी जेवली. काका वाढे, काकू पुऱ्या लाटे. रीतीप्रमाणं पागोटं बांधाची येळ आली, तं किसनराव म्हणे, "उकंडरावले मी बांधतो." बापाच्या मुंडण केलेल्या डोक्यावर त्यानं सोताच्या हातानं पांढरं पागोटं गुंडाळलं. बाप वाकून त्याच्या पाया पडला. टोळीतले गडी पत्रावळीत पाहत जेवत होते. मले वाटलं, दुःख हाय बिचाऱ्याईले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाप निघाला. डोक्यावर तेच पागोटं. मागं माय, हातात ओटीचं ताट, ताटावर पदर. मीबी संगं गेली. रस्त्यानं बापाची बडबड चाललेली, "गाठी तं छपरापर्यंत साचल्या असन. आज बाबूले सांगून डबे मागवतो. टोळीले दोन पाळ्यात लावतो." किती दिवसानं त्याच्या आवाजात जीव आला होता.

जिनिंगच्या फाटकातून आत गेलो अन् बाप थबकला. आंगण मोकळं! प्रेसपुढं एक गाठ नाही. सायडिंगच्या रुळावर कुत्रं झोपेल होतं. अन् तिकडं निंबाखाली मोटार उभी. तिच्या नाकावर हळदीकुंकवाचे पट्टे, वाळून पोपडे सुटलेले. वर झेंडूचा हार, तोबी सुकेल. आमचीच टोळी फळीवरून उरल्यासुरल्या गाठी मोटारीत चढवून राह्यली होती. अन् मोटारीत वर उभा राहून "उचलू नको बे, चालव तिले!" असं ओरडून राह्यला होता माहा काका.

आम्हाले पाहून सगळे गारठले. गाठ अर्ध्या फळीवर तशीच. कोणी वर पाहे ना.

मायचं ध्यान त्या हळदीकुंकवाकडं गेलं. तिनं इचारलं, "हे कोणं लावलं?" तिनं पुन्हा इचारलं, तवा एक जण पुटपुटला, "कौशल्याबाईनं." सुतकात! सासूची राख गार झाली नव्हती तं या बाईनं मोटारीले हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, अन् मंग तेरवीले माह्या मायजवळ बसून पुऱ्या लाटल्या. लोकं मले म्हणतात, झालं गेलं सोडून दे, काकू आता म्हातारी झाली. ठेंगा सोडीन मी!

बाप काकाले इतकंच म्हणे, "पुंज्या, सुतक होतं ना बे?"

काका मोटारीतूनच बोलला, "मोटारीले कायचं सुतक, दादा?" अन् बोलून त्यानं जीभ चावली, पण शब्द तं निघून गेला होता.

तेवढ्यात किसनराव बैठकीतून बाहेर आला, दात कोरत. बाप त्याच्याकडं वळला. "मालक, तुम्ही शब्द देल्ता."

"मंग? मोडला काय मी?" किसनराव म्हणे. "डब्याले कोणी हात लावणार नाही, असं म्हणलं होतं. लावला काय कोणी? मोटारीची तं आपली बातच नव्हती झाली." अन् हसला तो. देवाशप्पत हसला! आदल्या दिवशी आमच्या पंगतीत जेवेल माणूस, ढेकर देऊन गेलेला.

मले वाटलं आता बाप त्याले धरून आपटते. ताकद होती त्याच्यात. पण त्यानं काय केलं, डोक्यावरचं पागोटं सोडलं, हळूहळू, एकेक फेर. त्याची घडी केली अन् धक्क्याच्या फळीवर ठेवली. म्हणे, "हे तुमचं. भरा तुमची मोटार." अन् बोडक्या डोक्यानं भर बाजारातून घरी आला. रस्त्यातले लोकं पाहत होते. माय मागून रडत, हातात ते भरेल ताट.

त्याच दुपारी तो चिंतामण बाबूकडं गेला. बाबू म्हणे, "मुकादम, मी त्या दिवशी हेच सांगायला आलो होतो. मोटारी भरताना मी पाहिल्या होत्या. तुमच्या घरचा प्रसंग, आणि भाऊच त्यात... माझी जीभ रेटली नाही." पाहा, भल्या माणसाचंबी असं. सगळ्या मलकापूरले ठाऊक, एक माह्या बापाले सोडून.

उन्हाळ्यात रूळ उखडले. रेल्वेनं मजूर लावले, ते कोण? आमचीच टोळी. अन् त्याईचा मुकादम कोण, तं पुंजाजी. पहारी-घणाचे घाव आमच्या घरी ऐकू येत. बाप ओसरीवर बसून दोर वळत राह्यला, मान वर केली नाही. रुळाखालची लाकडी स्लीपरं लोकाईनं चुलीले नेली. माह्या सासरीबी आणली होती कोणी. मी ती परत टाकाले लावली.

मंग बाप स्टेशनावरच्या मोठ्या मालधक्क्यावर साधा हमाल म्हणून लागला. मुकादम होता तो दुसऱ्याच्या शिट्टीवर उठू-बसू लागला. तिथंबी माल कमी कमीच होत गेला. पहिले डोणगावाकडल्या बंड्या चार चार मुक्काम करत मलकापूरले येत. आता काकाची मोटार, इंद्रभानच्या भागीतली, डोणगावच्या बाजारात जाये, तिकडं वरवट बकालपर्यंत जाये, धुऱ्यावरून कापूस उचले. टोळीतले थोडे मोटारीवर राह्यले. मोटारीले कितीक माणसं लागतात? बाकीचे कोणी गाव सोडून गेले, कोणी मातीकामाले लागले. ज्याईनं फितुरी केली त्याईतलेच निम्मे पुढच्या दिवाळीले आमच्या दारात येऊन रडले, "मुकादम, आमचं चुकलं." माय त्याईले चहा दे. मी असती तं चुलीतलं जळतं लाकूड दाखवलं असतं!

काकानं बिऱ्हाड वेगळं केलं, बाप त्याच्याशी बोले नाही. पण काकाबद्दल वाईटबी बोले नाही, हे मले खरंच समजे ना. म्हणे, "पोट्टा हाय. त्या इंद्रभाननं अन् मालकानं त्याले फशी पाडलं. माय मेली, घरात गडबड, त्यात त्याचं डोकं फिरलं." तेवढ्यावर तो जगत होता. सुतकाच्या दिवसात, दुःखाच्या भरात, भावाले कोणी फिरवलं. एवढं मानलं तं बाकी सगळं त्याले सोसत होतं.

आजीचं वर्षश्राद्ध आलं. थोरल्याच्या घरीच होते ते. काका येईन का नाही, कोणाले भरोसा नव्हता. आला. मोटार अन् तिचा चालवणारा रस्त्यावर ठेवून आला, काकूले आणलं नाही. वर्षानं उंबऱ्यात पाय ठेवला त्यानं. बापानं त्याच्याकडं पाह्यलं अन् पाट सरकवला. मायच्या डोळ्याले धार लागली. मले वाटलं, चला, आजी मरूनबी पोराईले एक करून राह्यली.

आजीचं पान वाढलं. वडे, खीर, भाजी, तिले आवडे ती अंबाडीची भाजी-भाकर. बापानं पानाभोवती पाणी फिरवलं, नमस्कार केला, अन् मंग तो बोलला. मऊ बोलला. "पुंज्या, मायचं पान समोर हाय. मनात काही ठेवू नको. मालकानं अन् इंद्रभाननं तुले सुतकात फितवलं ना? तू हो म्हण, मी सगळं सोडलं."

काका हो म्हणता तं सरलं असतं. एवढा एक शब्द! इतकी बेइमानी केली, अजून एक खोटं बोलता तं काय झालं असतं? पण मायच्या पानापुढं त्याले खोटं बोलवे ना. मान हलवली त्यानं. "नाही, दादा. ते पहिलेच ठरलं होतं. दिवाळीच्या आधी. मालक, इंद्रभान अन् मी, तिघाईचं."

"म्हणजे मालकानं मले बैठकीवर शब्द देल्ला तवा?"

"हो."

"माय जित्ती होती तवा."

"हो दादा."

बापानं इचारलं, "मोटारीत भागी घ्याले तुह्याजवळ काय होतं बे? तुह्याजवळ तं जाकिटाबिगर काही नव्हतं."

काका हमसून हमसून रडाले लागला. "मायनं देल्लं. तिची पुतळ्याची माळ, गोठ, सगळं. तिनंच मले इंद्रभानकडं धाडलं, दादा. म्हणे, थोरला मुकादम झाला, धाकट्यानं काय जन्मभर त्याच्या शिव्या खात गाठी वाहाच्या? मी म्हणलं, दादाले सांगू. तं म्हणे, सांगू नको. तो रुळाचा झाला, माहा नाही राह्यला."

मी काकाच्या अंगावर धावून जाणार होती, पण बापानं हात आडवा केला.

"माह्या हातची पेज पे ती," बाप म्हणे. "उन्हाळ्यापासून. माह्या मांडीवर डोकं ठेवून. तवाबी तिले माहीत होतं?"

"हो दादा."

"अन् माह्याशी बोले. हसे."



बाप उठला. आजीचं ते पान त्यानं दोन्ही हातानं उचललं, खीर सांडू न देता. अनवाणीच बाहेर गेला. काका मागून "दादा, दादा" करत धावला. बापानं मोटारीचं दार उघडलं, काकाले आत बसवलं अन् पान त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हणे, "घेऊन जा. तिले तुह्या घरी जेवू घाल." काका पान धरून तसाच बसून राह्यला, त्याचे आसू खिरीत पडत होते. मोटार चालवणाऱ्यानं बापाच्या तोंडाकडं पाह्यलं अन् काही न इचारता मोटार सुरू केली.

बाप आत आला. हात धुतले, तोंड धुतलं, पाटावर येऊन बसला. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. त्यानं समोरची रिकामी जागा पाह्यली अन् मायले म्हणे, "वाढ वं. आपल्या घरी आज कोणाचं श्राद्ध नाही."